फोंडा–पणजी नेहमीचं, कोल्हापूर अधूनमधून : नवी गाडी डिझेल घ्यावी की पेट्रोल?

कुळागर
नमस्कार मंडळी. घरात गेले काही आठवडे एकच विषय चालू आहे, म्हणून इथे विचारतो.

आमची २०१३ ची स्विफ्ट डिझेल आहे. इंजिन अजून उत्तम आहे, कुरकुर नाही. पण आईचे गुडघे आता साथ देत नाहीत. खाली वाकून सीटवर बसायचं आणि उतरताना दोन्ही हातांनी दाराला धरून उठायचं, हे बघवत नाही. त्यामुळे थोडी उंच गाडी घ्यायची हे पक्कं. शिवाय रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं २०२८ ला भरतील, त्याआधी विकली तर चार पैसे जास्त येतील.

महिन्याचं रनिंग हजार किलोमीटरच्या आसपास. मी पणजीला पाटोवर कामाला. आठवड्यातून दोनतीनदा गाडी नेतो, एरवी कदंबच्या सरकारी बसने जातो. बायकोची शाळा फोंड्यातच, चार किलोमीटरवर, तिला गाडी रोज लागते. तिचं माहेर कोल्हापूर, दोनतीन महिन्यांतून एकदा आंबोलीमार्गे फेरी होते. त्या वेळी गाडीत पाच जण आणि डिकी भरलेली.

डिझेलचा पिकअप अंगवळणी पडलाय. बाबा तर पेट्रोलचं नावच काढू देत नाहीत. पण शोरूममध्ये दोन्हींच्या किमतीत दीड लाखाच्या आसपास फरक सांगतात. तुमच्या अनुभवाने सांगा.

घाटमाथा
आधी हिशेब करू, मग आवडीनिवडीचं बघू.

तुम्ही क्रेटासारखी गाडी बघत असाल असं धरतो. कंपनीचे अॅव्हरेजचे आकडे (लिटरमागे किलोमीटर) मॅन्युअल गिअरसाठी पेट्रोल १७.४ आणि डिझेल २१.८. रस्त्यावर हे मिळत नाही. पेट्रोलला १३ आणि डिझेलला १८ धरा. गोव्यात पेट्रोल ९७ आणि डिझेल साडेअठ्ठ्याऐंशी धरलं, तर हजार किलोमीटरला पेट्रोलचे साधारण ७,४५० आणि डिझेलचे ४,९०० होतात. महिन्याला अडीच हजार वाचले, वर्षाला तीस हजार. दीड लाख वसूल व्हायला पाच वर्षं.

हे झालं नुसतं इंधनाचं. डिझेलची सर्व्हिसिंग थोडी महाग. गाडीची किंमत जास्त म्हणून विमाही जास्त. कर्ज काढणार असाल तर त्या दीड लाखावरचं व्याजही आलं. म्हणजे पाचाची सहा-सात वर्षं झाली. रनिंग महिना सहाशेवर आलं, तर नुसत्या इंधनाच्या बचतीतूनच आठ वर्षं लागतात.

बाबांचं म्हणणं त्यांच्या काळात बरोबरच होतं. २०१२ साली दिल्लीत पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांपर्यंत तफावत होती. तेव्हा डिझेल घेणं हा साधा व्यवहार होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि ती दरी बुजत गेली. आज आपल्याकडे फरक आठ-साडेआठ रुपयांचा.

मांडवीतीर
घाटमाथा यांच्या हिशेबात गोव्यापुरती एक भर. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता. एका रात्रीत लिटरमागे अकरा रुपये उतरले आणि पेट्रोल ५५ च्या आसपास आलं. बांदा, सावंतवाडीकडचे लोक पात्रादेवीला येऊन टाकी भरून जायचे. तो व्हॅट पुढे वाढत गेला, पण आजही महाराष्ट्रापेक्षा आपलं पेट्रोल बरंच स्वस्त आहे. डिझेलमधला फरक त्या मानाने किरकोळ. कोल्हापूरला निघताना इथूनच टाकी फुल्ल करून निघालात तर पेट्रोलवाल्याचा फायदा जास्त.

आणि महाराष्ट्रातल्या भावकीचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. त्यांच्याकडे डिझेल गाडीला रोड टॅक्सच पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे. त्यांचं गणित वेगळं.

सासष्टीकर
डिझेल गाड्या दहा वर्षांत भंगारात काढायच्या असा नियम आहे ना? मग एवढे पैसे घालायचेच कशाला?

मांडवीतीर
नाही हो. तो आदेश दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागापुरता. २०१५ मध्ये हरित लवादाने दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. गोव्यात डिझेल असो वा पेट्रोल, पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. या भीतीपोटी निर्णय घेऊ नका.

डिचोलीचं गॅरेज
कुळागर बाब, तुम्ही सगळं नीट लिहिलंत. पण हिशेब करताना सगळ्यांनी ते हजार किलोमीटर एकत्र धरले. मला ते वेगळे करून बघायचे आहेत, कारण माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचं दुखणं तिथेच असतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम, लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांना धुराड्याच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. धुरातली काजळी तिथे अडते. ती साठत गेली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी जाळीचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं. इंजिन जादा डिझेल सोडून ती उष्णता तयार करतं. हे काम पुरं व्हायला गाडी सलग पंधरावीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात चालत राहावी लागते.

आता वहिनींची शाळा घ्या. चार किलोमीटर. वरच्या बाजारातली गर्दी, सिग्नल, शाळेच्या दारात गाड्यांची रांग. इंजिन गरम होतंय न होतंय तोवर चावी बंद. दुपारी परत तेच. चुलीत लाकूड नुकतं पेट घेतंय आणि कोणीतरी त्यावर पाणी ओततंय, असं रोज दोनदा. काजळी जळायला सुरुवात होते आणि अर्ध्यात थांबते. पुढच्या वेळी गाडी परत प्रयत्न करते, परत थांबते. त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल पुरतं जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची कांडी काढून बघितली की पातळी वर गेलेली दिसते. गिऱ्हाईक म्हणतो, ऑइल वाढलं म्हणजे बरंच की. बरं नाही. ऑइल पातळ झालं की टर्बोची (इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा) आणि बेअरिंगची झीज सुरू.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आली होती, दोन वर्षांचीही नव्हती. डॅशबोर्डवर जाळीचा दिवा लागलेला, पिकअप गेलेला. मालक रोज बाजार आणि देऊळ एवढंच फिरायचे. मशीन लावून जबरदस्तीने काजळी जाळली, ऑइल बदललं. गाडी ठीक झाली, पण त्यांचं फिरणं तेच आहे, म्हणजे ती परत येणार.

तुमच्या जुन्या स्विफ्टला हा त्रास नाही, म्हणून तुम्हाला आणि बाबांना तो दिसत नाही. डिझेल तेच, पण तेव्हाची डिझेल गाडी आणि आताची यांच्यात फार अंतर आहे.

घाटमाथा
पटलं. मी महिन्याचं रनिंग धरून चाललो होतो. एका फेरीत इंजिन किती वेळ गरम राहतं, हे बघायला हवं.

पेडण्याची टॅक्सी
गॅरेजवाल्या बाबांचं खरं, पण दुसरी बाजूही लिहितो. मी मोपाला टॅक्सी लावतो. विमानतळ सुरू झाल्यापासून माझ्या फेऱ्या लांबल्या. कधी कळंगुट, कधी पाळोळें. मोपा ते पाळोळें म्हणजे जवळजवळ अख्खा गोवा उभा पार केला. माझी बीएस-६ डिझेल आहे आणि डीपीएफचा दिवा एकदाही लागलेला नाही. लागणार कसा? धारगळ, म्हापसा, पर्वरी, मांडवीवरचा अटल सेतू, मग जुवारीचा नवा पूल. गाडी तासदोन तास थांबतच नाही.

काजळी जळायला लागली की मला कळतं. गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडा चढलेला असतो, पंखा मोठ्याने फिरत राहतो, अॅव्हरेजचा आकडा अचानक उतरतो, आणि बाहेर उभं राहिलं तर तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. अशा वेळी घर आलं तरी मी गाडी बंद करत नाही. हायवेवर एक चक्कर मारून आणतो, चौथ्या गिअरला दोन हजारांच्या वर. पंखा शांत झाला की मग बंद.

ज्याला डिझेल घ्यायची आहे त्याने एवढं शिकून घ्यावं. शोरूमवाले सांगत नाहीत, फक्त पुस्तकात लिहिलेलं असतं. ऑइलही डीपीएफवाल्या गाडीचंच घाला, कमी राखेचं. काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीतच राहते.

आणखी एक. काही डिझेल गाड्यांना युरियाचं पाणी घालावं लागतं, डीईएफ म्हणतात त्याला. त्याची वेगळी टाकी असते. ती आटत आली की गाडी आधीपासून इशारे देते. तरी दुर्लक्ष केलं आणि पूर्ण आटली, तर एकदा बंद केलेली गाडी परत चालू होत नाही. मोठ्या प्रवासाला निघताना ते बघायचं.

केपेची वाट
माझा प्रश्न कुळागर यांच्यापेक्षा वेगळा आहे, पण इथेच विचारते. नवरा शिपवर असतो, सहा-सात महिने गाडी जवळजवळ उभी. मी स्कूटर चालवते, गाडी आठपंधरा दिवसांतून एखादी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्के आहे, ते दमट हवेत पाणी धरतं असं ऐकलं. मग उभ्या गाडीला डिझेल बरी का?

डिचोलीचं गॅरेज
ताई, डिझेल नकोच. उभी राहणारी आणि मधूनच बाजारापर्यंत जाणारी डिझेल हा डीपीएफसाठी सगळ्यात वाईट वापर.

इथेनॉल पाणी धरतं हे खरं. पण आजच्या गाडीची टाकी बऱ्यापैकी बंदिस्त असते. टाकी भरलेली ठेवलीत तर आत दमट हवेला जागाच उरत नाही. अर्ध्या-पाव टाकीवर गाडी पावसाळाभर उभी करू नका. आठपंधरा दिवसांनी काढता ना, तेव्हा नुसती चालू करून जागेवर ठेवू नका, अर्धा तास चालवून आणा. बॅटरीही त्यानेच टिकते. एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी असेल तर तिचे रबरी पाइप आणि सील वीस टक्क्यांच्या हिशेबाने बनवलेले असतात. जुनी असेल तर ते पाइप एकदा तपासून घ्या, कडक झालेत की ओलावलेत ते.

अॅव्हरेज मात्र थोडं कमी होतं. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की फरक पडणारच. घाटमाथा यांनी १३ धरलंय, ते मला योग्य वाटतं. शहरातल्या शहरात अकरासुद्धा मिळेल.

आंबोलीचा पाऊस
मी सावंतवाडीचा, नोकरीला म्हापशात. आंबोली घाट माझ्या पायाखालचा, म्हणून त्याच्यापुरतं लिहितो, कारण कुळागर यांचं मन तिथेच अडकलेलं दिसतं.

दाणोली सोडली की चढ सुरू. पावसाळ्यात धुकं एवढं असतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा हीच खूण. अशा वेळी कोणी जोरात जात नाही. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरला चढायचं असतं. तिथे लागतो तो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. क्रेटाच्या साध्या दीड लिटर पेट्रोलला १४४ न्यूटन मीटर आणि डिझेलला २५०. दोन्हींची घोड्यांची ताकद जवळपास सारखीच, ११५-११६. पण डिझेलचा टॉर्क दीड हजार आरपीएमलाच हातात येतो. पेट्रोलला तो मिळवायला इंजिन ओरडवावं लागतं, गिअर उतरवावा लागतो. पाच जण आणि डिकी भरलेली असताना हा फरक पायाला जाणवतो, नाकारण्यात अर्थ नाही.

तरी मी टर्बो पेट्रोल बघा म्हणेन. त्याच गाडीत दीड लिटरचं टर्बो पेट्रोल २५३ न्यूटन मीटर देतं, म्हणजे डिझेलच्या बरोबरीला. ते महाग आहे. लांबीने चार मीटरच्या आतल्या गाड्यांत नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल १७० देतं. डिझेलच्या २६० इतकं नाही, पण साध्या पेट्रोलपेक्षा घाटात बरंच सुसह्य. टर्बो पेट्रोल जोरात हाणलं तर अॅव्हरेज खाली येतं, एवढं मात्र लक्षात ठेवा.

घाट दोनतीन महिन्यांतून एकदाचा, शाळा रोजची. मी तुमच्या जागी असतो तर रोजच्यासाठी गाडी घेतली असती आणि घाटात एक गिअर खाली टाकून चढलो असतो.

सासष्टीकर
हायब्रिड का नाही? बाणस्तारीच्या पुलावर आणि भोमला जो खोळंबा होतो, त्यात हायब्रिड बॅटरीवर सरकते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरचा कंपनीचा आकडा जवळपास २८ चा आहे. पेट्रोलच आहे, डीपीएफ नाही, घाट उतरताना बॅटरी भरते.

घाटमाथा
वापर बघता सगळ्यात योग्य तीच. पण किंमत डिझेलच्याही वर जाते. बजेट सांगा म्हणजे बोलता येईल.

कुळागर
बजेट तेरा-चौदा लाख ऑन-रोड, ओढूनताणून. हायब्रिड त्यात बसत नाही. इलेक्ट्रिकचाही विचार झाला होता, पण आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, सोसायटीत चार्जिंगचं काहीच ठरलेलं नाही. तो विषय सध्या बाजूला.

गॅरेजवाल्या भाऊंची पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, शाळेच्या फेरीसाठी एवढी महागाची जाळी जाळायची नाही. पण त्यांचा एक प्रश्न आहे, तो माझाही आहे. मी पणजीला जातो ती फेरी तर चांगली तीस किलोमीटरची आहे. आठवड्यातून दोनतीनदा तेवढी झाली, तर काजळी जळायला पुरत नाही का?

डिचोलीचं गॅरेज
प्रश्न बरोबर आहे. पुरेल, पण त्यात दोन अडचणी.

एक तर ती तीस किलोमीटर कशी जातात ते बघा. फर्मागुडी, म्हार्दोळपर्यंत ठीक, मग बाणस्तारी आणि भोमला रांग, जुने गोवेला परत हळू, आणि कदंब पठारावर कुठे जरा मोकळा रस्ता. सकाळच्या वेळी सलग वेग मिळतो तो तेवढाच. दुसरं म्हणजे गाडी काजळी कधी जाळायला घेईल ते तुमच्या हातात नसतं. ती भरेल तेव्हा घेते. ती वेळ नेमकी शाळेच्या फेरीत आली तर अर्धवट राहणार. मग पणजीच्या फेरीत ते पुरं होईलही. पण तुम्ही त्या आठवड्यात कदंबने गेलात तर?

तुम्ही रोज पणजीला गाडीने जात असता, किंवा वहिनींना शाळेसाठी स्कूटर असती, तर मी डिझेलला नाही म्हटलं नसतं. फोंड्याहून रोज वेर्ण्याला, कुंडईहून मडगावला जाणारी माझी गिऱ्हाइकं डिझेल घेऊन सुखी आहेत. बेळगावला चोर्ल्याने दर आठवड्याला जाणारा एक जण आहे, त्याला पेट्रोल घे म्हटलं तर वेड्यात काढेल, आणि त्याचं बरोबर आहे.

मांडवीतीर
बजेट तेरा-चौदा म्हणालात म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली गाडी असेल आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल, तर १८ टक्के. त्यापलीकडे ४० टक्के. म्हणजे क्रेटाचं इंजिन कुठलंही घेतलं तरी लांबीमुळे ती ४० मध्ये. नेक्सॉन किंवा एक्सयूव्ही ३एक्सओ पेट्रोल घ्या, डिझेल घ्या, १८ मध्येच. ब्रेझा मात्र लांबीला बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन दीड लिटरचं, म्हणून ४० मध्ये. नुसतं लहान गाडी म्हणून धरून चालू नका, सीसी बघा.

केपेची वाट
आईंच्या गुडघ्यांबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. माझ्या सासूबाईंसाठी आम्ही हेच बघितलं होतं. गाडी उंच असून पुरत नाही. सीट माणसाच्या मांडीच्या पातळीला हवी, म्हणजे वाकावंही लागत नाही आणि चढावंही लागत नाही. काही एसयूव्हींचा उंबरा इतका उंच आणि रुंद असतो की पाय उचलून आत घेताना गुडघ्यावर जास्त ताण येतो. मागचं दार किती अंशांत उघडतं तेही बघा. आईंना शोरूममध्ये घेऊन जा आणि त्यांनाच चारपाच वेळा बसायला-उतरायला लावा. इंजिन कोणतं हे त्यानंतर.

आंबोलीचा पाऊस
ताईंचं अगदी बरोबर. आणि ट्रायल घेताना शोरूमच्या माणसाबरोबर एकट्याने सपाट रस्त्यावर चक्कर मारू नका. घरचे सगळे बसवा, एसी चालू ठेवा आणि फर्मागुडीचा चढ घ्या. मधेच गाडी थांबवून परत उचलून बघा. आंबोलीत तुमची गाडी कशी वागेल ते तिथेच कळेल.

कुळागर
खूप मदत झाली, देव बरें करूं सगळ्यांचं. आमचं ठरलं ते असं. डिझेल नाही. चार मीटरच्या आतली टर्बो पेट्रोल, दोन गाड्या निवडल्यात. आई रविवारी दोन्हींत बसून बघेल, तिला जी सोपी वाटेल तीच. बाबा म्हणतात चढावर मी चालवून बघणार.

एकच राहिलं. आमची स्विफ्ट घ्यायला कुडाळचा एक जण तयार आहे, शोरूमच्या एक्स्चेंजपेक्षा जास्त देतोय. दुसऱ्या राज्यात द्यायची तर काय काळजी घ्यायची?

मांडवीतीर
आधी आपल्या आरटीओतून एनओसी घ्या, फॉर्म २८. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा बोजा आरसीवरून उतरवलाय का ते बघा, पुष्कळांचं तेवढंच राहून जातं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी दिली आणि उद्या तिने कुठे अपघात केला, तर नोटीस तुमच्या दारात येते. गाडी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्यांची पावती करा, त्याच्या आधारकार्डाची प्रत ठेवा. आणि आरसी त्याच्या नावावर झाल्याची प्रत हातात येईपर्यंत थोडी रक्कम त्याला तुमच्याकडे अनामत ठेवायला सांगा, म्हणजे तो काम लवकर करतो.

डिचोलीचं गॅरेज
द्यायच्या आधी एकदा घेऊन या. टायमिंग चेन आणि क्लच बघून कागदावर लिहून देतो. कुडाळवाल्यालाही खात्री, तुम्हालाही भाव.